गेंदाचं बी

पाकीट आलं तेव्हा दमयंती मयेकर प्रात्यक्षिकाच्या वर्गात उभी होती. मुलं कांद्याचा पापुद्रा सोलून काचपट्टीवर ठेवत होती आणि अर्ध्याअधिकांना तो कुठून सोलायचा हेच कळत नव्हतं. शिपायाने दारातूनच पाकीट दाखवलं. वर राणीचं तिकीट. तिने ते एप्रनच्या खिशात टाकलं आणि तास संपेपर्यंत हात लावला नाही. एवढे महिने वाट पाहिली, आता अर्ध्या तासाने काय बिघडणार होतं?

इंग्लंडातून निघणाऱ्या वनस्पतिशास्त्राच्या त्रैमासिकाला तिने निबंध पाठवला होता. निबंध एका गेंदावर होता. पावसाळ्यात सड्यावर, म्हणजे रत्नागिरीच्या डोक्यावरच्या त्या उघड्या कातळावर, पाणी साचतं आणि त्या डबक्यांतून बोटभर उंचीची झाडं उगवतात. टोकाला पांढऱ्या बटनासारखं फूल. लोक त्याला गेंद म्हणतात. गेंदाच्या कितीतरी जाती आहेत आणि त्या ओळखता ओळखता डोळे फुटतात. भाटकर सरांना फार वर्षांपूर्वी शहराच्या उत्तरेकडच्या सड्यावर एक गेंद सापडला होता. त्याच्या बटनाला खालून काळसर झालर होती. सर तेव्हापासून म्हणत आले होते, हा कोणातलाच नाही, हा वेगळा आहे.

आत्माराम भाटकर दमयंतीचे शिक्षक, पुढे तिचे विभागप्रमुख. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी तो गेंद तिच्या गळ्यात घातला. "माझ्याच्याने आता होत नाही. तू कर." तिने केलं. दोन पावसाळे सड्यावर छत्री घेऊन ओणवी झाली. चित्रं मात्र सरांनीच काढली, ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईने, एकेक पाकळी केसाएवढ्या रेषेने. नव्या जातीचं वर्णन लॅटिनमध्ये द्यावं लागतं, तेही सरांनीच जुळवलं. जातीचं नाव तिने ठरवलं होतं, भाटकरी. सर ऐकून पुन्हा चित्राकडे वळले. पण मागाहून सावित्रीकाकू, म्हणजे सरांची बायको, तिला हळूच म्हणाल्या, "काल पाटीवर लिहून बघत होते गो. नावाच्या शेवटी एक आय की दोन, म्हणून."

निबंध पोस्टात पडला आणि मार्चमध्ये सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. जीभ जड झाली, पण बोलणं समजत होतं.

वर्ग रिकामा झाल्यावर दमयंतीने पाकीट फोडलं. संपादकांचं पत्र चार ओळींचं होतं: निबंध दोन तज्ज्ञांना दाखवला, त्यांची मतं सोबत जोडली आहेत, त्यानुसार दुरुस्त करून पाठवावा. पहिल्या तज्ज्ञाने सगळं ठीक म्हटलं होतं. दुसऱ्याने मात्र पानंच्या पानं लिहिली होती. कुठे तिरकं बोलणं नव्हतं, उलट चित्रांचं कौतुकच होतं. पण मुद्दा एकच होता आणि तो बरोबर होता. लेखिकेने गोळा केलेले नमुने कोवळे आहेत, पिकलेलं बी कुठेच दिसत नाही. गेंदाची जात शेवटी बियांवरून ठरते. घाटावरची एक जुनी, ठाऊक असलेली जात याच्या फार जवळची आहे. बियांचं वर्णन आल्याशिवाय ही वेगळी आहे असं मला म्हणता येणार नाही.

दमयंती कितीतरी वेळ त्या स्टुलावर बसून राहिली. राग आला असता तर बरं झालं असतं. नुसता थकवा आला. बी पिकतं ते पाऊस सरताना. म्हणजे पुन्हा सडा, पुन्हा छत्री, पुन्हा सासूबाईंचं "आज पण?" नवरा बोटीवर, तो डिसेंबराशिवाय यायचा नव्हता. घरातलं सगळं तिच्याच अंगावर.

गणपतीच्या सुटीत ती सड्यावर गेली. पायवाट पाठ होती, तरी वाट चुकल्यासारखं वाटलं. डबकी जिथे होती तिथे खाण होती. उन्हाळ्यात चिरे काढायला कोणीतरी जमीन घेतली होती. कातळ सरळ रेषेत कापून काढला होता, खाली दोन पुरुष खोल खड्डा, आणि त्यात पावसाचं लाल पाणी तुडुंब भरलेलं. दोन म्हशी त्यात डुंबत होत्या. ती काठाकाठाने फिरली. चिऱ्याच्या भुशावर काही उगवलेलं नव्हतं.

सरांना सांगितलं तेव्हा ते खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कोणाच्या तरी घराच्या भिंतीत असेल आता." आणि थोड्या वेळाने, "दुसरीकडे बघ."

दुसरीकडे म्हणजे कुठे? रत्नागिरीच्या आसपास सडे काय कमी आहेत? दर रविवारी ती सकाळच्या एसटीने निघायची. कधी शिरगावच्या बाजूला, कधी हातखंब्याच्या पुढे. पोळीभाजीचा डबा, प्लास्टिकच्या पिशव्या, भिंग. गेंद सगळीकडे होते, डबकी पांढरीफेक दिसायची. पण काळ्या झालरीचा तो कुठेच नव्हता. संध्याकाळी परत येताना पाय भरून यायचे आणि सोमवारी पुन्हा तोच कांद्याचा पापुद्रा. मधल्या सुटीत प्राचार्य भेटले की विचारायचे, "काय मयेकर बाई, आपल्या कॉलेजची नवी जात कधी येणार छापून? कमिटीला सांगून ठेवलंय मी." बढतीच्या यादीत तिचं नाव होतं आणि त्यांना ते ठाऊक होतं.

नवरात्राच्या आधीच्या रविवारी ती पालीला उतरली आणि गावामागच्या कातळावर चढली. ऊन लागत होतं. गुरं चारणारी एक म्हातारी झाडाखाली बसली होती. तिने विचारलं, "काय गो बाय, काय हरवलाय?"

"गेंद बघते, आजी."

"गेंद? तो काय खातत?" म्हातारी हसली आणि तिने प्यायला पाणी दिलं. दमयंतीने तिथेच बसून डबा उघडला. अर्धी पोळी म्हातारीला दिली. उठताना हात टेकला तर हाताखाली डबकं होतं, सुकत आलेलं, आणि त्यात काळ्या झालरीचा गेंद. एक नाही, पुष्कळ.

तिला ओरडावंसं वाटलं, पण तेवढं त्राण नव्हतं. ती पुन्हा खाली बसली आणि एकेक बटन भिंगाखाली धरून पाहिलं. पाकळ्या, केस, झालर, सगळं सरांच्या चित्रातलं. बरीचशी बटनं पिकली होती. बोटांत चुरली की पिवळसर बारीक बी तळहातावर यायचं, रव्याच्या कणाहूनही बारीक.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर तिने प्रयोगशाळेचं दार लोटून घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बी ठेवलं. बियांच्या अंगावर आडव्या ओळी होत्या आणि ओळींवर हुकासारखे बारीक आकडे. तिने घाटावरच्या त्या जुन्या जातीचं वर्णन काढलं. आडव्या ओळी, ओळींवर आकडे. दुसरं बी ठेवलं. तिसरं ठेवलं. मग वेगळ्या बटनातलं काढलं. डोळ्याला पाणी यायला लागलं तेव्हा थांबली.

नवी जात नव्हतीच. घाटावरचाच गेंद खाली कोकणात उतरला होता आणि इथल्या कातळावर त्याच्या बटनाला काळी झालर आली होती. एवढंच.

तिने सूक्ष्मदर्शक पेटीत घातला, रिक्षा केली आणि भाटकरांच्या घरी गेली. सांगणं तिला जमणार नव्हतं. सरांनी स्वतः पाहिलेलं बरं. ओट्यावरच्या टेबलावर तिने सगळं मांडलं. काकूंनी सरांना खुर्चीसकट पुढे सरकवलं. सरांनी डोळा लावला. डाव्या हाताने स्क्रू फिरवायला त्यांना वेळ लागत होता. तिने मदत केली नाही, कारण त्यांना ते आवडलं नसतं.

"कुठलं?" त्यांनी डोळा न काढता विचारलं.

"पालीचं. फुलं हुबेहूब आपली. सगळं जुळवून पाहिलं."

सर पुन्हा बघत राहिले. मग मागे टेकले. चेहऱ्याची एक बाजू हलत नव्हती, त्यामुळे काय वाटतंय ते कळेना.

"पालीचं लिहू नको," ते म्हणाले.

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "काय सर?"

"पालीला गेलीस, हे कोणाला माहीत आहे? सड्यावरचा गेंद गेला. त्याचं बी कोणी पाहिलंय? तूही नाही. लिही, जागा नष्ट झाली, बी मिळालं नाही. खोटं काय त्यात?"

"पण सर, हे तेच आहे."

"कशावरून? पाली वेगळी, सडा वेगळा." त्यांचा आवाज चढला आणि शब्द एकमेकांत अडकले. "वीस वर्षं... वीस वर्षं बघतोय मी त्याला. तू दोन."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी दमयंतीकडे पाहिलं आणि पदराने हात पुसत आत गेल्या.

दमयंती घरी आली. याच माणसाने एकदा वर्गासमोर तिचा नमुना फाडला होता, कारण चिठ्ठीवर तिने तारीख अंदाजाने घातली होती. तिने सासूबाईंना जेवायला वाढलं, भांडी घासली. सर म्हणाले त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, हेच वाईट होतं. तसं लिहिलं असतं तर निबंध बहुधा निघाला असता, प्राचार्य खूश, बढती पक्की, आणि सरांचं नाव एका झाडाला कायमचं. मग कधीतरी कोणी पालीच्या कातळावर जाणार, बी चुरून बघणार. तोवर सर नसतील, कदाचित तीही नसेल. कोणाचं काय नुकसान होणार होतं? ती हे सगळं पुन्हा पुन्हा मनात घोळवत राहिली आणि प्रत्येक वेळी तिला तळहातावरचं ते पिवळं बी दिसायचं. पाहिलेलं न पाहिलेलं करण्याचीही ताकद लागते. तेवढी तिच्यात उरली नव्हती.

दिवाळीच्या सुटीत तिने टाइपरायटरवर नवा मजकूर बडवला. संपादकांना लिहिलं की दुसऱ्या तज्ज्ञांची शंका खरी ठरली, बी मिळालं, ही नवी जात नाही. माझा दावा मी मागे घेते. मात्र ही जात कोकण किनाऱ्यावर आजवर नोंदलेली दिसत नाही, आणि तिचं इथलं रूप वेगळं आहे. चित्रांसह एक छोटी टीप चालेल का? नावाचा परिच्छेद, लॅटिन, सगळं गळलं. निबंध दीड पानावर आला.

पोस्टात टाकून ती थेट सरांकडे गेली आणि उभ्या उभ्या सांगितलं. सर तिच्याकडे न बघता काकूंना म्हणाले, "मला आत ने." काकू खुर्ची ढकलत नेताना तिच्याकडे वळून बघत होत्या. चहा झाला नाही.

त्यानंतर ती दोनदा गेली. दोन्ही वेळा सर झोपले होते, निदान काकूंनी तसं सांगितलं. तिसऱ्यांदा जायचं तिने टाळलं. संपादकांचा होकार आला तेव्हाही ती गेली नाही. प्राचार्यांना कळवलं, तेव्हा त्यांनी "अरेरे" म्हणून चष्मा पुसला आणि तो विषय पुन्हा काढला नाही. त्या वर्षी बढती दुसऱ्या कोणाची तरी झाली.

छापील प्रती आल्या त्या पुढल्या वर्षी, आंबे संपता संपता. एक प्रत घेऊन ती भाटकरांकडे गेली. ओट्यावर सर एकटेच होते. तिने प्रत त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी डाव्या हाताने भिंग उचललं आणि वाचायला सुरुवात केली, सावकाश, ओठ हलवत. दीड पान वाचायला त्यांना खूप वेळ लागला. ती पायरीवर बसून राहिली. शेवटी आभार होते. पहिला नमुना आणि चित्रं श्री. आ. भाटकर यांची, असं छापलं होतं. तिथे भिंग थांबलं, मग पुढे सरकलं.

"चित्र लहान केलंय," सर म्हणाले.

"हो. त्यांच्याकडे जागा कमी असते म्हणे."

"केस दिसत नाहीत. मी केस काढले होते." त्यांनी प्रत डोळ्यांपासून लांब धरली, मग जवळ. "आणि पालीचं स्पेलिंग चुकलंय. दोन एल घातलेत."

"माझ्या टाइपमध्ये एकच होता, सर."

"प्रूफ आलं नव्हतं?"

"आलं होतं. माझ्या नजरेतून सुटलं."

"सुटलं," ते म्हणाले. जिभेवर तो शब्द नीट आला नाही म्हणून पुन्हा म्हणाले, "सुटलं." मग आत बघून हाक मारली, "सावित्री, दमयंती आलीय."

त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल त्यांनी काही काढलं नाही, आणि तिनेही नाही. काकूंनी कोकमाचं सरबत आणलं. तिने ते पायरीवरच बसून एका दमात संपवलं आणि दुसरा पेला मागितला.