खंडोबाशेजारचं पदक

सुरुचीने पदक हातात घेतलं तेव्हा मंडळाची पोरं चहा वाटत होती. तिचा चहा संपायच्या आत निकाल देऊन झाला होता.

भाईंदर पूर्वेच्या खारी गावातून लढाईवर गेलेल्यांची नावं कोरून एक दगड गावदेवीच्या देवळापाशी बसवायचा, असं निकेतच्या मंडळाने ठरवलं होतं. दोन नावं पक्की होती. तिसरं गावातल्याच विमलाबाईंच्या आजेसासऱ्यांचं, विठूचं. पहिल्या महायुद्धात ते पलटणीबरोबर बसऱ्याला गेले होते, असं त्यांच्या घरात सांगत आले होते. कागद एकही उरला नव्हता. होतं ते एवढं चांदीचं पदक. सुरुची मुंबईत एका लिलाव कंपनीत जुनी पदकं पारखायची. खरं कुठलं, नकली कुठलं, कशाला किती किंमत यायची हे तिच्या सहीने ठरायचं. म्हणून निकेतने तिला भाईंदर पश्चिमेहून मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

पदकाच्या एका बाजूला राजाचं तोंड होतं, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. तिने कडेवरून अंगठा फिरवला. अशा पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते. इथे अंगठ्याला काहीच लागलं नाही. कड गुळगुळीत होती.

"नाव घासून काढलंय," ती म्हणाली. "चोरीचं पदक विकायचं असलं की असं करतात. नाव राहिलं तर मालक सापडतो ना."

कुणीतरी फिसकन हसलं. विमलाबाईंचे भावकीतले दीर दाजी खुर्ची ओढून पुढे आले. पक्क्या दोन नावांतलं एक त्यांच्या आजोबांचं होतं.

"घ्या! वयनी, तुमचा विठू बसऱ्याला न्हाय, चोरबाजाराला गेला व्हता!"

मंडप हसला. विमलाबाईंनी सुरुचीच्या हातातून पदक घेतलं, पदराच्या टोकाला बांधलं आणि कुणाकडेही न बघता घरी गेल्या. निकेत म्हणाला, "ताई, बरं झालं तुम्ही वेळेत सांगितलंत. दगडावर चुकीचं नाव गेलं असतं तर लफडा झाला असता."

स्टेशनचा पूल ओलांडून घराकडे चालताना सुरुचीच्या लक्षात आलं, की पर्समधलं भिंग आपण बाहेर काढलंच नाही. ऑफिसात भिंगाशिवाय ती साध्या बिल्ल्याबद्दलही काही सांगत नसे. इथे मांडव भरलेला होता, सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या, आणि चटकन उत्तर देताना तिला छान वाटलं होतं. त्या छान वाटण्याचीच तिला पुढे लाज वाटत राहिली. पण पदक चोरीचं नसेलच असं तरी कुठे होतं? कड गुळगुळीत होती, हे तर खरंच होतं. या एका वाक्याच्या आधाराने तिने बरेच दिवस काढले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिची आई मंजुळाबाई मोरीत बसून भांडी उजळत होती. चिंच लावून धुतलेला तांब्या तिने सुरुचीच्या हातात दिला. सुरुचीने तो पुसता पुसता फिरवून पाहिला.

"आई, यावर आजीचं नाव होतं ना? गुहागरला असताना मी बोट फिरवून वाचायचे."

"होतं की. घासून घासून गेलं. रोजच्या भांड्यावर नाव टिकतंय होय?"

सुरुची तांब्या धरून तशीच उभी राहिली.

"काय गं, पोचा आला का?"

"नाही," ती म्हणाली. "मी जरा खारीला जाऊन येते."

"आत्ता? पुरणाची डाळ कोण भिजत घालणार?"

विमलाबाईंनी दार उघडलं, पण आत ये म्हटलं नाही. सुरुची स्वतःच चप्पल काढून आत गेली. भिंतीवरच्या देवघरात टाक मांडलेले होते. घोड्यावर बसलेला खंडोबा मधोमध, त्याच्या उजव्या हाताला एकाची जागा रिकामी. बाकीचे टाक चकचकीत, आणि जुन्यांचे नाकडोळे झिजून सपाट झालेले.

"पदक कुठाय, मावशी?"

"शिवनाचे डब्यात. चोरीचा माल देवात कसा ठेवू?"

"पदक देवात असायचं?"

"तर! घोड्यावरचा देव हाय तो. माझे आजेसासूनं बसवलेला, खंडोबाचे शेजारी."

सुरुचीने खिडकीशी बसून या वेळी भिंग काढलं. कानशीने घासलं तर सरळ, एकासारखे एक ओरखडे राहतात. इथे केसाएवढे बारीक, गोल गोल ओरखडे होते, आणि ते कडेवरच नव्हे, सगळीकडे होते. राजाचं नाक झिजलं होतं, घोडेस्वाराला चेहराच उरला नव्हता. कानस लावलेलं पदक मापात कमी भरतं. तिने पट्टी लावून पाहिली, हे जवळजवळ पुरं भरलं. वर जिथे अडकवायची पट्टी बसवलेली असते, तिथल्या सांदीत बोट पोचत नाही. तेवढ्या जागेत एक आकडा आणि एका अक्षराचा अर्धा पाय शिल्लक होता. वाचता येण्यासारखं काही नव्हतं.

"हे कोण घासायचं?"

"मी. चिंच नि राख लावून. लगीन होऊन आले तवापासून, दर सणाला. सासू बोलायची, देव काला पडता कामा न्हाय." त्यांच्या आवाजात अजूनही थोडा अभिमान होता. "अख्खे गावात आमचे देवांसारखं चकचकीत कोनाचे न्हाय."

पदक खरं आहे, एवढंच सांगून उठता आलं असतं. पण दाजी विचारणारच होते, खरं आहे तर नाव कुठाय? त्याचं उत्तर एकच होतं. ते दिल्याशिवाय विठूवरचा चोरीचा डाग निघत नव्हता.

"मावशी, मी चुकले. पदक खरं आहे. नाव कुणी चोराने काढलेलं नाही. ते..." तिला शब्द जड गेले. "ते घासण्यानं गेलंय."

विमलाबाईंनी पदकाकडे बघितलं.

"सासूनं, का मी?"

"दोघींनी. आणि त्यांच्या आधी आजेसासूंनी."

"शेवटचा अक्षर कोनाचे हातानं गेला, ते दिसतं तुझे भिंगात?"

"नाही."

"मंग माझेच," विमलाबाई म्हणाल्या आणि उठून गॅसवरचा भात उतरवायला गेल्या. बराच वेळ त्या बाहेर आल्या नाहीत. सुरुची ओझं उतरवायला आली होती. ते तिने या घरातल्या चुलीपाशी नेऊन ठेवलं होतं.

त्या रविवारी मंडळाच्या बैठकीत ती न बोलावता गेली. पदक खरं आहे, ते पिढ्यान्‌पिढ्या देवघरात घासलं गेलंय, त्या दिवशी मी नीट न बघता बोलले, असं तिने उभं राहून सांगितलं.

दाजींनी सुपारी गालात सरकवली. "त्या दिवशी चोर, आज साव. उंद्या काय?"

"उद्याही हेच, काका. त्या दिवशी मी भिंग काढलं नव्हतं."

"नि नाव? नाव वाचलंस तू?"

इथे खोटं बोललेलं कुणाला कळलं नसतं. भिंगातून बघणारी ती एकटीच होती.

"नाही. नाव वाचता येत नाही. पण चोरून आणलेली वस्तू कुणी शंभर वर्षं चिंच लावून पुजत नाही."

"म्हंजे नातसुनेनंच आजेसासऱ्याचं नाव पुसलं!" दाजी हसले. या वेळी त्यांच्याबरोबर कुणी हसलं नाही. ते त्यांच्याही लक्षात आलं असावं. थोडं थांबून ते निकेतला म्हणाले, "आमचा आजा सांगायचा, बोटीवर विठू त्याचे बाजूला ओकत व्हता. टाक त्याचं नाव."

"मग हे तेव्हाच का नाही बोललात, दाजीकाका?" निकेतने विचारलं.

"मना कोनी इचारलं?"

दगड बसला त्या दिवशी विमलाबाई देवळापाशी आल्या नाहीत. सुरुची पेढे घेऊन त्यांच्या घरी गेली.

"नाव कोरलं, मावशी. खोल कोरलंय."

"बरं झालं. निकेतला सांग, दगड धुवायला मना बोलवू नको." त्या किंचित हसल्या, मग हसणं राहिलं नाही.

पदक पुन्हा खंडोबाशेजारी होतं. भोवतीचे टाक लखलखत होते आणि ते एकटं काळवंडलेलं होतं.

"काला पडतंय," विमलाबाई म्हणाल्या. "सासू असती तर मना घराबाहेर काढली असती. पन माझा हात जात न्हाय."

"चिंच नाही लावायची. मऊ फडक्यानं नुसतं टिपायचं."

"मंग तूच टीप."

सुरुचीने पदक तळहातावर घेतलं. विमलाबाईंनी जुन्या लुगड्याचा तुकडा आणून तिच्यापुढे ठेवला आणि अगदी जवळ बसल्या, तिच्या हाताकडे बघत. सुरुचीने फडकं टेकवलं.

"हळू," विमलाबाई म्हणाल्या. "दाबू नको."