सभा उठली नाही

मी फळा बोलतोय, लखनौच्या चारबाग स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून. गोधडीत गुंडाळून, सुतळीनं आवळून मला भिंतीला टेकवून ठेवलंय. गाडीला अजून अवकाश आहे. हमाल येता-जाता मला पाय लावतात आणि एकमेकांना विचारतात, "ये क्या है भैया, तख्ता?" तख्ता म्हणा, फळा म्हणा, माझी हरकत नाही. पण निघण्याआधी माझं थोडं ऐकून घ्या. लखनौ आता पुन्हा दिसायचं नाही.

जन्मानं मी अमेरिकन. हसू नका. मानक नगरच्या रेल्वेच्या संशोधन कचेरीत परदेशातून एक यंत्र आलं, त्याच्या खोक्याच्या फळ्या म्हणजे मी. पाठीवर अजून तिकडच्या बंदराचं नाव आहे. श्रीपत रामटेके त्या कचेरीत नकाशे काढायचे. मूळचे भंडाऱ्याचे. त्यांनी भंगारातून त्या फळ्या घेतल्या, रंधा मारला, काळा रंग दिला आणि क्वार्टरच्या मधल्या खोलीत मला टांगलं. आपली पोरं शिकली पाहिजेत, यापलीकडे त्या माणसाला दुसरं वेड नव्हतं.

पण माझा जन्म जिथला, तिथला राष्ट्राध्यक्ष मला कळला तो मानक नगरात. चौऱ्याहत्तरच्या ऑगस्टात रेडिओवर बातमी आली की अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षानं राजीनामा दिला. गयाबाई, म्हणजे श्रीपतरावांच्या आई, तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"एवढा मोठा मानूस, त्याले काढलं कोनं?"

श्रीपतरावांची थोरली लेक चंदा तेव्हा राज्यशास्त्र घेऊन नुकती कॉलेजात गेलेली. तिनं खडू घेतला आणि माझ्यावर तीन चौकोन काढले. एकात राष्ट्राध्यक्ष, एकात काँग्रेस, म्हणजे तिकडची संसद, आणि एकात न्यायालय. "आजी, काढायच्या आतच तो गेला. आपल्याकडे राष्ट्रपती वेगळे, पंतप्रधान वेगळे. तिकडे एकच माणूस देशाचा प्रमुख, सरकारचा प्रमुख आणि सैन्याचाही प्रमुख. पण त्याला लगाम आहेत. कायदा करायचा काँग्रेसनं, पैसा मंजूर करायचा काँग्रेसनं, आणि फार माजला तर खटला चालवून काढायचाही काँग्रेसनंच."

"म्हंजे राजा नाई थो," गयाबाई म्हणाल्या आणि पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

धाकटा ईश्वर घरातही हिंदीतच बोलायचा. तो ओरडला, "तो बाबा प्रेसिडेंट, आई काँग्रेस, और दादी सुप्रीम कोर्ट!"

खेळ म्हणून सुरू झालं आणि घराची रीतच होऊन बसली. दर रविवारी जेवणं झाली की माझ्याखाली सतरंजी पडायची आणि सभा भरायची. मुलांची आई सुभद्राबाई, चंदा आणि ईश्वर हे सभासद. राष्ट्राध्यक्ष काँग्रेसचा सभासद नसतो, म्हणून श्रीपतरावांना व्हरांड्यात बसावं लागायचं. नियम त्यांनीच मान्य केलेला. बिचारे दाराच्या फटीतून कान देऊन असायचे आणि सभेनं बोलावलं तरच आत यायचे. चौदा एप्रिलला मात्र त्यांना वर्षातलं एक भाषण मिळायचं. इस्त्रीचा सदरा घालून ते माझ्यापुढे उभे राहायचे आणि घराची हालहवाल सांगायचे. मला तेव्हा उगाच कडक झाल्यासारखं वाटायचं.

काय दिवस होते ते! दूधवाला नेमायचा श्रीपतरावांनी, पण सुभद्राबाईंनी दूध तापवून साय बघितल्याशिवाय नेमणूक पक्की नाही. ईश्वर म्हणजे सैन्य. त्याला रेशनच्या रांगेत पाठवायचा अधिकार राष्ट्राध्यक्षाचा, पण शेजाऱ्यांशी नळावरून युद्ध पुकारायचं तर काँग्रेसचीच परवानगी हवी. श्रीपतराव दोनदा बाह्या सरसावून निघाले आणि दोन्ही वेळा सुभद्राबाईंनी त्यांना दारातून परत आणलं. ईश्वरनं काच फोडली की वडील त्याला माफी द्यायचे, कारण माफीचा अधिकार अध्यक्षाचा. एखादा ठराव पसंत नसला की ते व्हेटो म्हणायचे. पण दोन तृतीयांश मतं पडली की व्हेटो मोडायचा, आणि तिघांत मायलेकी दोघी. त्यामुळे श्रीपतरावांचा व्हेटो कधी टिकला नाही. ते हरायचे आणि मिशीतल्या मिशीत हसायचे.

याच दिवसांत सुभद्राबाई माझ्यावर सही करायला शिकल्या. लहानपणी दोनच इयत्ता झालेल्या, वाचायच्या अडखळत, पण कुठे सही करायची वेळ आली की अंगठा पुढे करायच्या. चंदानं त्यांचा हात धरून माझ्यावर गिरवून घेतलं. खडू अडखळायचा, मला गुदगुल्या व्हायच्या.

चंदा एम.ए. झाली. अमेरिकन शासनाचा तिचा पेपर तर सगळा माझ्या अंगावर तयार झालेला. एक दिवस तिनं माझ्यावर सदऱ्याचा खिसा काढला आणि त्यातून डोकावणारा एक कागद. "हा पॉकेट व्हेटो. ठराव आला की दहा दिवसांत, रविवार सोडून, सही करायची नाहीतर नकार द्यायचा. काहीच केलं नाही आणि सभा बसलेली असली, तर सहीशिवाय कायदा होतो. पण तेवढ्यात सभाच उठून गेली, तर कागद खिशातल्या खिशात मरतो. मग तो व्हेटो मोडताही येत नाही." व्हरांड्यातून श्रीपतराव म्हणाले, "वा! हे बरं आहे." सगळे हसले. मीही हसलो, त्याचं आता वाईट वाटतं.

कारण एकोणऐंशीत चंदाची दूर डोंगरातल्या अल्मोड्याच्या मुलींच्या कॉलेजात निवड झाली. राज्यशास्त्र शिकवायचं, कॉलेजच्या वसतिगृहात राहायचं, दसऱ्याची सुट्टी संपताच हजर व्हायचं. त्याआधी पालकाच्या सहीचं संमतीपत्र पाठवायला हवं होतं. सभा भरली, एकमतानं ठराव झाला आणि चंदानं कागद वडिलांच्या हातात दिला. श्रीपतरावांनी तो वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

"नागपूरहून आलो की बघू."

ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. ते वाईट नव्हते हो. संध्याकाळी कचेरीतून आल्यावर चंदा माझ्यासमोर उभी राहून काहीतरी समजावून सांगते आणि आपण चहा पीत ऐकतो, एवढंच त्यांचं सुख होतं. पोरीला सोडायला त्यांचं मन तयार नव्हतं, आणि तोंडानं नाही म्हणायची हिंमत नव्हती. नाही म्हटलं असतं तर मायलेकींनी ते तिथल्या तिथे मोडलं असतं.

आणि नागपूरचं त्यांना पक्कं ठाऊक होतं. दसरा आला की रेल्वेचा पास काढायचा, झाशीला गाडी बदलायची आणि घरानं दीक्षाभूमीवर जायचं. सुभद्राबाई गेल्या नाहीत असं वर्ष नव्हतं. त्या गेल्या की सभा उठली. परत येईपर्यंत अल्मोड्याची मुदत टळलेली असणार होती.

चंदानं ओलं फडकं घेऊन मला पुसायला सुरुवात केली. एवढ्या रागानं तिनं मला कधी पुसलं नव्हतं. खिशाच्या चित्रापाशी सुभद्राबाईंनी तिचा हात धरला.

"हे राहू दे. सभा उठली नाही तर काय होतं म्हणालीस?"

"सहीशिवाय कायदा होतो. पण आई, तू दीक्षाभूमी..."

"मी फक्त विचारलं," सुभद्राबाई म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला गेल्या.

निघायच्या दिवशी सकाळी ट्रंका दारात, रिक्षा बाहेर. सुभद्राबाईंनी माझ्याखाली सतरंजी अंथरली आणि तिच्यावर मांडी घालून बसल्या.

"अहो, माय आणि ईश्वर जाऊ देत. मी येत नाही. सभा चालू आहे."

श्रीपतरावांना काय झालं ते कळायला वेळ लागला. कळलं तसा त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला. "अगं, तो पोरांचा खेळ आहे! दसरा आहे, दीक्षाभूमी आहे. तू नाही गेलीस तर कसं होईल?"

"छप्पन साली गेले तेव्हा ही पोटात होती," सुभद्राबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "पांढऱ्या लुगड्यात उभी होते, आणि मनात एकच होतं, हिला शिकवायचं. दरवर्षी तेच सांगायला जाते मी, की पोरगी शिकतेय. यंदा काय सांगू? शिकली आणि खिशात ठेवली?"

श्रीपतराव आईकडे वळले. "माय, तू तरी सांग."

गयाबाईंनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. मग पिशवी उचलली. "सभा बसली हाये तं बसली हाये. मी काय सांगू? चाल रे ईश्वर, गाडी जाईल."

"हाँ दादी," म्हणून ईश्वर निघाला. जाता जाता त्यानं आईच्या पायांना हात लावला.

ते दिवस मी विसरणार नाही. मायलेकींपैकी एक जण कायम माझ्याखाली असायची. सुभद्राबाई तिथेच भाजी चिरायच्या, तिथेच निजायच्या. आणि श्रीपतराव? सभा चालू असताना अध्यक्षानं आत यायचं नाही, हा त्यांचाच नियम. चिडलेले होते, तरी त्यांनी तो मोडला नाही. ताट घेऊन व्हरांड्यात बसायचे. कॉलनीतले लोक विचारायचे, "रामटेके साहब, घर में मेहमान हैं क्या?" ते मान हलवायचे. दसऱ्याला सुभद्राबाई पांढरं लुगडं नेसल्या. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, आणि त्रिशरणासाठी त्यांना आत बोलावलं. ते आले, मागे उभे राहिले. म्हणताना त्यांचा आवाज फुटला. मग पुन्हा बाहेर जाऊन बसले.

दहा दिवसांची मुदत भरली त्या संध्याकाळी ते दारात आले आणि विचारलं, "येऊ का?"

"या," सुभद्राबाई म्हणाल्या.

त्यांनी खिशातून कागद काढला. घामानं मऊ झाला होता. "करू सही?"

"आता तुमच्या सहीची गरज नाही. कायदा झाला."

मला वाटलं, हे जरा फारच लागलं. श्रीपतराव खाली बघत उभे राहिले. सुभद्राबाईंनी खडू घेतला आणि माझ्या खालच्या कोपऱ्यात आपलं नाव लिहिलं. पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटच्या वेळी इतका जोर लावला की माझ्या रंगावर चरा पडला. दुखलं, पण मी हूं की चूं केलं नाही. मग त्यांनी तो कागद पुढ्यात घेतला आणि पालक म्हणून सही केली. सुभद्रा श्रीपत रामटेके. जन्मात पहिल्यांदा, खऱ्या कागदावर.

चंदा रडत होती. श्रीपतरावांनी ट्रंक उचलून पाहिली. "पेटीला नवं कुलूप लागेल," ते म्हणाले. "काठगोदामपर्यंत गाडी, पुढे बस. मी सोडून येतो."

"बाबा, तुम्ही?"

"तूच तर शिकवलंस. कायदा मनाविरुद्ध झाला तरी त्याची अंमलबजावणी राष्ट्राध्यक्षानंच करायची." आणि ते हसायला गेले, पण जमलं नाही.

पुढची वर्षं भराभर गेली. गयाबाई गेल्या. ईश्वर भिलाईला नोकरीला लागला. रविवारी सतरंजी पडेनाशी झाली. श्रीपतराव मात्र रोज फडकं घेऊन मला पुसायचे, आणि पुसताना तो एक कोपरा सोडून द्यायचे. कधी कुणाशी त्याबद्दल बोलले नाहीत. सुट्टीत चंदा यायची, कोपऱ्यावरून बोट फिरवायची आणि चहा करायला जायची.

आता अठ्ठ्याऐंशी साल. श्रीपतराव निवृत्त झाले, बिऱ्हाड आता नागपूरला हलवायचं ठरलं. शेजारी म्हणाले, आणखी थोडे दिवस राहा की क्वार्टरमध्ये, कोण विचारतंय? ते म्हणाले, "नाही. मुदत संपली की घर सोडायचं. तिकडे एवढा मोठा माणूस सोडतो, मी कोण?" काल त्यांनी भिंतीवरून मला उतरवलं. सुभद्राबाई ओलं फडकं घेऊन आल्या.

"एवढं धूड नागपूरला कुठे न्यायचं? पुसून इथेच ठेवू, दुसऱ्याची पोरं शिकतील."

श्रीपतराव माझ्यापुढे उभे राहिले. "व्हेटो."

सुभद्राबाईंनी फडकं खाली ठेवलं. रिकाम्या खोलीकडे बघितलं. "आता तुमचा व्हेटो मोडायला मतं तरी कुठून आणू मी?" आणि पदर डोळ्यांना लावला. मग दोघांनी मिळून मला गोधडीत गुंडाळलं.

गाडीची शिट्टी झाली बहुतेक. येतो मी, लखनौकरांनो. हमालदादा, एवढंच सांभाळा. गोधडी ओली होऊ देऊ नका. खालच्या उजव्या कोपऱ्यात एका बाईचं नाव आहे, आणि राष्ट्राध्यक्षानं तिथे कधी फडकं लावलेलं नाही.