बटन टायर

राजरत्नने एक गुडघा जमिनीला टेकवला आणि पुढच्या चाकावर, टायर आणि मडगार्ड यांच्या फटीत हात घातला. चार बोटं आडवी बसली. त्याने हात बाहेर काढून पँटला पुसला आणि पुन्हा आत घातला.

"बसतो," तो मोठ्याने म्हणाला. "एक नंबर मोठा आरामात बसतो."

"बसायला सगळं बसते, साई," टायरवाला सिंधी नारीशेठ दुकानाच्या पायरीवरून म्हणाला. "वळताना घासेल त्याचं काय?"

राजरत्नने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "घासलं तर बघू."

अंबरनाथजवळच्या कॅम्प दोनच्या त्या गल्लीत टायरवाल्यांची दुकानं एकमेकांना खेटून होती. त्याची बायको माया समोरच्या बाजूला, पत्र्याच्या पडवीखाली सावली धरून उभी होती. रस्त्याच्या कडेला त्यांची जुनी मॅटॅडोर अंग चोरून उभी होती. बदलापूरच्या एका शाळेची मुलं वाहून वाहून थकलेली ती गाडी राजरत्नने निवृत्त झाल्यावर घेतली होती. बाकडी काढून टाकून त्याने आत दोन फळ्यांचे पलंग केले, शेगडीला कोनाडा केला, पाण्याची टाकी बसवली, खिडक्यांना पडदे लावले. अंबरनाथमधल्या त्यांच्या वसाहतीत पोरं तिला घरगाडी म्हणायची. रविवारी ते दोघं या घरगाडीतून निघणार होते. सांची, सारनाथ, बोधगया, कुशीनगर. महिन्याभराचा प्रवास.

"अहो, गाडी अजून उंच होणार," माया म्हणाली. "मी चढायचं कसं? माझा गुडघा माहितीये ना तुम्हाला?"

राजरत्न चाकापाशी वाकलेलाच होता. "पाच घेऊ," तो म्हणाला. "स्टेपनी जुन्या नंबरची ठेवून उपयोग नाही."

नारीशेठने मायाकडे पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली. मायाने पर्स या हातातून त्या हातात घेतली. परक्या माणसासमोर त्याने आपलं बोलणं असं वाऱ्यावर सोडून द्यावं, याची तिला आता सवय व्हायला हवी होती. पण होत नव्हती.

सदू फिटरने दोन टायर लोळवत आणून भिंतीला टेकवले. दोन्ही एकाच मापाचे. एकावर सरळ उभ्या रेघा होत्या, दुसऱ्यावर अंगठ्याएवढे रबराचे ठोकळे आणि त्यांच्यामध्ये खोल खाचा.

"हा साधा, आणि हा बटन," नारीशेठ जवळ येत म्हणाला. "बटनला खड्डा, चिखल, काही अडत नाही. पण डांबरी रस्त्यावर आवाज करतो हां. घूंऽऽ, सारखं. पब्लिक वैतागते."

राजरत्नने बटन टायरवरून तळवा फिरवला. एकदा वरून खाली, एकदा आडवा. मग ठोकळ्यांवर बोटं दाबून धरली.

"हेच."

माया रस्ता ओलांडून त्याच्या पुढ्यात आली. "आवाज करतात म्हणतायत ते. महिनाभर तो आवाज ऐकत जायचं?"

"करू दे ना आवाज!" राजरत्न असा ओरडला की शेजारच्या दुकानातला माणूस बाहेर डोकावला. "चांगलं आहे!"

माया परत पडवीखाली गेली.

राजरत्न एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रेसवर होता. पत्रा कापणाऱ्या त्या यंत्रांसमोर त्याचं उभं आयुष्य गेलं. पण माणूस शांत. मुलीच्या, मनालीच्या शाळेत तो पालकसभेला गेला, की कोपऱ्यात बसून नुसता ऐकायचा. निवृत्ती जवळ आली तशी त्याची तऱ्हा बदलली. स्वयंपाकघरातून हाक मारली तर उत्तर नाही. उत्तर दिलं तर भांडल्यासारखं. पुण्याहून मनालीचा फोन आला, की हा दोन शब्द बोलून रिसिव्हर मायाच्या हातात देणार. "बाबा माझ्यावर चिडलेत का गं?" मनालीने परवाच विचारलं होतं. माया म्हणाली होती, "माझ्यावर चिडलेत." मग तिनेही बोलणं कमी केलं. विचारायचं, त्याने भलतंच उत्तर द्यायचं, पुन्हा विचारायचं. त्यापेक्षा न बोललेलं बरं. कुशीनगरला जायची ओढ तिला लग्नाआधीपासूनची. पण पत्र्याच्या खोलीत या माणसासोबत महिना काढायचा, या विचाराने तिने अजून बॅग भरायलाही घेतली नव्हती.

चाकं बसली. गाडी खरंच उंच दिसायला लागली. मायाने दाराची कड धरून स्वतःला वर ओढलं. राजरत्न तोवर आपल्या जागी बसून स्टिअरिंगवर हात फिरवत होता.

"बदलापूरपर्यंत चक्कर मारून या," नारीशेठ म्हणाला. "घासले तर परत आणा, सदू बघेल."

अंबरनाथ मागे पडलं आणि रस्ता जरा मोकळा मिळाला, तशी गाडी घुमायला लागली. आवाज तळातून यायचा आणि आसनातून मायाच्या मणक्यात शिरायचा. पडद्यांच्या कड्या किणकिणत होत्या. बाहेरचा आरसा थरथरत होता आणि त्यात मागचा रस्ता पाण्यात पाहिल्यासारखा हलत होता. राजरत्नच्या चेहऱ्यावर मात्र कधी नव्हे ते समाधान होतं. त्याने दोन्ही तळवे स्टिअरिंगवर पसरून ठेवले होते.

बदलापूरला त्याने गाडी वळवली. चाक पूर्ण वळलं आणि डावीकडून आवाज आला. खर्र. खर्र.

"घासतंय," माया म्हणाली.

त्याने चाक सरळ केलं.

"अहो, घासलं ना आत्ता!"

"काय?"

"टायर घासला. आवाज नाही आला?"

"कुठे काय," राजरत्न म्हणाला. "मस्त चाललीये."

मायाने तोंड खिडकीकडे फिरवलं. ढळढळीत खोटं. एवढा मोठा आवाज आणि हा माणूस म्हणतो, कुठे काय.

परतीच्या वाटेवर एमआयडीसीकडे जाणारा रस्ता उजवीकडे फुटतो. कामावर जाण्यायेण्याचा त्याचा तो जुना रस्ता. त्याने वेग कमी केला, थरथरणाऱ्या आरशात पाहिलं, हात बाहेर काढला. मागून हॉर्न वाजत होता. एक, मग दुसरा, मग न थांबता एकच. मायाला वाटलं, हा आता थांबेल. राजरत्नने हात आत घेतला आणि गाडी उजवीकडे घातली.

"अहो!"

तिने दोन्ही हातांनी त्याचा दंड धरून आपल्याकडे खेचला. गाडी गचका देऊन डावीकडे आली आणि बंद पडली. उजव्या खिडकीतून उजेड नाहीसा झाला. रसायनाचा टँकर अंगाला घासल्यासारखा निघून गेला, आणि जाता जाता बाहेरचा आरसा सोबत घेऊन गेला. काच रस्त्यावर सांडली.

टँकर पुढे जाऊन थांबला. ड्रायव्हर उडी मारून खाली उतरला.

"मरना है क्या? कब से हॉर्न दे रहा हूँ! बहरा है क्या तू?"

राजरत्न दार उघडून त्याच्या समोर उभा राहिला होता. तो चिडला नाही. त्याने हात जोडले. ड्रायव्हर शिव्या देत होता आणि राजरत्न त्याच्या तोंडाकडे एकटक पाहत होता. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. ड्रायव्हरने मान फिरवून टँकरकडे बोट केलं आणि काहीतरी बोलला, तेव्हा राजरत्नही थोडा बाजूला सरकला, त्याचं तोंड पुन्हा दिसेल असा.

मायाने ते पाहिलं.

ड्रायव्हर निघून गेला. राजरत्न रस्त्यावर वाकून काचेचे तुकडे गोळा करायला लागला. दुसऱ्या गाडीचा टायर फाटायला नको, हा त्याचा स्वभाव. माया सांभाळून खाली उतरली आणि त्याच्या पाठीमागे, दोन हात अंतरावर उभी राहिली. एक रिक्षा निघून गेली. रस्ता शांत झाला.

"तुमच्या पायाशी साप आहे," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली.

राजरत्नने एक तुकडा उचलला. दुसरा उचलला.

"साप आहे, अहो."

त्याने तिसरा तुकडा तळहातावर ठेवला आणि रुमालासाठी खिसा चाचपला.

माया गाडीला टेकून उभी राहिली. राजरत्न मागे वळला, तिचा चेहरा पाहिला आणि समजला. रुमालात बांधलेली काच हातात धरून तो तसाच उभा राहिला.

"कधीपासून?" तिने विचारलं. शब्द सावकाश उच्चारले.

"नोकरीत होतो तेव्हापासूनच." त्याने नजर खाली केली, मग तिचं बोलणं हुकू नये म्हणून पुन्हा वर घेतली. "डॉक्टरला दाखवलंय. कल्याणला जाऊन. कानाची नस गेली म्हणाले. मशीन लावून बघितलं, नुसता गोंगाट. बोलणं नाही कळत."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर बसली असतीस माझ्या गाडीत?"

मायाने रुमालातल्या काचेकडे पाहिलं.

"हे टायर हाताला कळतात," तो म्हणाला. आता तो ओरडत नव्हता. उलट आवाज इतका खाली गेला होता की तिलाच पुढे झुकावं लागलं. "जुन्या टायरवर गाडी चालू आहे का बंद पडलीये, तेही कधीकधी समजायचं नाही. आज किती दिवसांनी गाडी बोलल्यासारखी वाटली." त्याने रुमालाची गाठ आवळली. "राहू दे. नको जायला आपण. गाडी विकून टाकू."

"आधी इथून चला," माया म्हणाली. "दुकानात."

तो चालवायला बसला. ती बाजूला. त्याने गाडी डाव्या कडेने, बेताच्या वेगाने नेली. आरसा नव्हता. माया मान मागे वळवून बसली होती आणि तिने एक हात त्याच्या दंडावर ठेवला होता. मागून ट्रक आला तेव्हा तिने दंड दाबला. राजरत्नने तिच्याकडे पाहिलं नाही, फक्त गाडी आणखी कडेला घेतली. ट्रक गेला. पुन्हा दाबला, पुन्हा गाडी सरली. अंबरनाथच्या अलीकडे एक मोटरसायकल अचानक खिडकीशी उगवली. तिचा हॉर्न मायाला ऐकूच आला नव्हता. टायरच्या त्या घुमण्यात तो कुठेतरी बुडून गेला होता. तिने हात काढला नाही.

नारीशेठने गाडीची उजवी बाजू पाहिली, मायाचा चेहरा पाहिला आणि सदूला पाणी आणायला सांगितलं.

राजरत्न खाली उतरून पुढच्या चाकाजवळ उभा राहिला. वळणावर घासून रबराची कड सोलली होती. त्याने तिथे बोट लावलं. त्याची पाठ दुकानाकडे होती.

"घासले ना? बोललो होतो मी," नारीशेठ म्हणाला. "जुन्याच नंबरचे चढवू का परत?"

"नंबर हाच राहू द्या," माया म्हणाली. "मडगार्डची कड घासते तिथे हातोड्याने मारून आत घ्या. पण ही बटनं काढा. तो साधा दाखवला होता ना, तो बसवा. पाचही."

"पण साहेबांना तर बटनच..."

"त्याचा आवाज फार आहे. मागचं काही ऐकू येत नाही मला. आणि दोन्ही बाजूंना मोठे आरसे लावा. न हलणारे."

सदूने जॅक आणून चाकापाशी ठेवला. राजरत्नने दचकून जॅककडे पाहिलं, मग सदूकडे. चाकाचे नट सैल व्हायला लागले तसा तो पुढे झाला. "अरे, हे का काढतोस? हे राहू दे. मी सांगतो ना, हेच पाहिजेत!"

सदूने गोंधळून मायाकडे पाहिलं.

माया मध्ये आली. राजरत्नचा खांदा धरून तिने त्याला उजेडाकडे पाठ करून उभं केलं. मग स्वतः वळसा घालून, आपल्या चेहऱ्यावर ऊन पडेल अशी त्याच्या समोर उभी राहिली.

"गाडी तुम्ही चालवायची," ती म्हणाली. एकेक शब्द सुटा, सावकाश. "ऐकायचं काम माझं."

गल्लीत कुणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं. सदू पाना धरून थांबला होता. मायाचं बोलणं संपलं होतं, तरी राजरत्न तिच्या ओठांकडे पाहत राहिला.