येतानाही भरलेला ऑटो

मित्रांनो, राजुऱ्याच्या बसस्टँडवर निंबाखाली जो जुना सहा आसनी ऑटो उभा असतो, तो मीच. माझं हूड तीनदा बदललं, हॉर्न दोनदा. आवाज मात्र पहिल्या दिवसासारखाच मोठा आहे.

रहीमभाऊंनी मला नवाकोरा घरी आणला. त्यांची नजर अधू झाली तेव्हा त्यांची लेक सुलताना माझं हँडल धरून बसली. पहिल्या दिवशी स्टँडवरचे सगळे हसले. आठ दिवसांनी तेच लोक तिच्यासाठी रांगेत नंबर धरू लागले. मला फार आनंद झाला.

मग मोबाईलवरच्या गाड्या आल्या. बटन दाबलं की पांढरी गाडी दारात. आत थंड हवा, भाडं आधीच ठरलेलं, घासाघीस नाही. खोटं कशाला बोलू, मलाही हेवा वाटला. सुरुवातीला तर कंपनीने पदरचे पैसे घालून भाडं इतकं कमी ठेवलं की माझ्याकडे कोणी बघेना. सुलतानाचा धाकटा भाऊ नदीमही तसलीच गाडी चालवू लागला.

"आपा, हा डब्बा विकून टाक," तो म्हणाला. "जमाना बदलून राह्यला."

सुलतानाने तीन महिने तग धरला. शेवटी तिने भंगारवाल्या लटारूभाऊंना निरोप दिला, "उद्या येऊन घेऊन जा." त्या दिवशी बारा कोसांवरच्या गावात आठवडी बाजार होता. शेवटची फेरी म्हणून आम्ही तिकडे निघालो. गावातली भाडी गेली तरी बाजाराचे लोक माझ्याकडेच येत, म्हणून जाताना मी पुरता भरलेला होतो.

बाजारात नदीमची गाडी उभी दिसली. एका साहेबांना सोडून तो परत निघाला होता. पाटीत तीन कोंबड्या घेऊन राजुऱ्याच्या वच्छलाबाई त्याच्या खिडकीशी गेल्या.

"नदीमभाऊ, राजुऱ्याले चाल्लास ना? मले ने."

"बुकिंग नाई बाई. अन् कोंबड्यानं सीट खराब केली तं मलेच भरा लागते."

"मंग रिकामाच जाशीन?"

"रिकामाच."

"काऊन रे बाबा, पेट्रोल फुकटात भेटते का तुले?"

सगळा बाजार हसला. इकडे माझ्या टपावर झाडू विकणाऱ्या वारलूचा भारा चढला, सीटखाली कोंबड्या बसल्या, वर सहा माणसं. कोणत्या गावचा बाजार कोणत्या दिवशी, हे सुलतानाला तोंडपाठ होतं. राजुऱ्यापर्यंत ती रिकामी गाडी माझ्या मागे मागे आली.

स्टँडवर नदीम खाली उतरला. "आपा, जाताना कमावतो अन् येताना गमावतो. कंपनीनं कमिशनबी वाढवलं. तू तं दोन्हीकडून भरून येतेस. मलेबी शिकव ना!"

"मले काय इचारतं? डब्ब्यालेच इचार!" सुलताना खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी मी तिचं ते हसू ऐकलं. तिथूनच तिने फोन लावला, "लटारूभाऊ, उद्या येऊ नका. अन् कुठी जाचं असन तं सांगा, नेऊन सोडते."

दुसऱ्या दिवशी तिने माझ्या पाठीवर आपला मोबाईल नंबर रंगवून घेतला. पांढऱ्या गाडीकडून तेवढं शिकण्यासारखं होतंच. आता आम्हालाही लोक घरून बोलावतात.

मित्रांनो, बटनावरची गाडी जरूर बोलवा, तिच्यातही कोणाचा तरी भाऊ बसलेला असतो. पण तुमच्या नाक्यावरच्या जुन्या ऑटोलाही हात दाखवत जा. आणि चढताना पायाचा चिखल तेवढा झटका. मला फार गुदगुल्या होतात.