शुक्राला हळद

शुक्र पिवळट दिसतो. काहून दिसतो, ते अजून कोणाला खात्रीने सांगता आलेलं नाही. त्याच्या ढगांत काहीतरी आहे, जे सूर्याचा निळा-जांभळा प्रकाश पिऊन टाकतं आणि पिवळा तेवढा परत पाठवतं. हे काहीतरी म्हणजे नक्की काय, ते शोधायचं काम रायपूरच्या शंकर नगरात, एका मिठाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, आम्ही चौघं करत होतो. चौघांपैकी एकानेही तिथून शुक्र पाहिला नव्हता, कारण खिडकीसमोर मोबाइलचा टॉवर होता.

आम्ही बनवत होतो तो स्पेक्ट्रोमीटर. पंगत उठून गेल्यावर उष्ट्या पत्रावळी बघून कोण कुठे बसलं होतं ते ओळखणारा एखादा काका असतो ना, तसं हे यंत्र. इथली जिलेबी संपली, म्हणजे इथे दामले. इथे फक्त कोशिंबीर गेली, म्हणजे डायबिटीसवाले. प्रत्येक वायू प्रकाशातले ठरावीक रंग खातो. यंत्राने उरलेला प्रकाश रंगारंगात सोडवायचा, कुठे खड्डा पडला ते बघायचं, आणि खाणाऱ्याचं नाव सांगायचं. आमचं यंत्र यानात बसून शुक्राभोवती फिरणार होतं आणि ढगांच्या पत्रावळी तपासणार होतं.

फिरणार होतं, म्हणजे जागा मिळाली तर. यानात एकाच यंत्राची जागा उरली होती, चार किलोची, आणि तिच्यावर दुसऱ्या एका शहरातल्या टीमचाही डोळा होता. निकाल नागपूरचे चारुदत्त सर लावणार होते. ते काचेची एक बंद नळी घेऊन येणार, आत काय आहे ते सांगणार नाहीत, आणि आम्ही यंत्र लावून ओळखायचं. बरोबर आलं तर शुक्र. चुकलं तर तीन वर्षांचं काम खालच्या मिठाईवाल्याकडे. त्याने आधीच विचारून ठेवलं होतं, की याच्यात खव्यातली भेसळ कळते का.

आमच्या प्रमुख डॉक्टर शर्मिष्ठा. सगळे त्यांना दीदी म्हणायचे. यंत्राच्या खोलीत पावडर नाही, अत्तर नाही, उदबत्ती तर नाहीच नाही. आरशावर धुळीचा एक कण बसला तर शुक्रावर डोंगर दिसतो, असं त्या म्हणायच्या. वायरिंग बघणारे मारोतीभाऊ रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर होऊन आले होते. ते एकदा डोक्याला तेल लावून आले, तर दीदींनी त्यांना आठवडाभर जिन्यात बसून काम करायला लावलं. भिंगं आणि आरसे भार्गवकडे. त्याला मराठी सगळं समजतं, पण बोलतो हिंदीत. आणि यंत्रातून निघालेला आलेख वाचणारा मी, वरद, इथल्याच तात्यापाऱ्यातला.

यंत्राचा एकच रोग होता. वजन. ते चार किलोच्या जरा वर जायचं, आणि तेही रोज वेगळं. शनिवारी वाढायचं, मग रोज थोडं थोडं उतरत शुक्रवारी सगळ्यात कमी. भार्गवने याचा सखोल अभ्यास केला. रायपूरच्या हवेतली आर्द्रता आणि ॲल्युमिनियमचं साप्ताहिक वर्तन, या विषयावर त्याने एका परिषदेत निबंधही वाचला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. इकडे आम्ही वजन उतरवायला पेटीला भोकं पाडत होतो. शेवटी तिच्यातून शेव पाडता आली असती.

चारुदत्त सर आले ते शनिवारी. पन्नाशीचे, बारीक मिशीचे, मोजकं बोलणारे. त्यांनी बॅगेतून नळी काढली, दिव्यासमोर बसवली आणि खुर्चीत बसून हाताची घडी घातली. मी यंत्र चालू केलं.

पहिला खड्डा कार्बन डायऑक्साइडचा. दुसरा सल्फर डायऑक्साइडचा. शुक्रावर दोन्ही आहेत, म्हणजे नळीत असणारच. दीदींनी श्वास सोडला. मग निळ्या रंगात तिसरा खड्डा आला, पसरट, गुबगुबीत, लोळल्यासारखा.

तुलनेसाठी संगणकात हजारभर पदार्थ भरलेले असतात. एका रिकाम्या दुपारी मी त्यांत घरचा मसाल्याचा डबाही चढवून ठेवला होता. संगणकाने हजार पदार्थ चाळले आणि सांगितलं, हळद.

दोन नावं सांगून गप्प बसता आलं असतं. पण जे यंत्र दिसतं ते सांगत नाही, ते शुक्रावर पाठवून काय उपयोग. मी तिन्ही नावं वाचून दाखवली.

"हळद?" चारुदत्त सर म्हणाले.

"हो सर. थोडीशी."

नळीत दोनच वायू भरले होते, असं त्यांनी थंडपणे सांगितलं. म्हणजे तिसरी वस्तू आमच्या यंत्रात होती, आणि आरशाला हळद लागलेलं यंत्र शुक्रावर गेलं असतं तर शुक्र अख्खा हळदीचा आहे असा शोध लागला असता. दीदींचा चेहरा उतरला. काल संध्याकाळी दिव्यासमोर काहीही न लावता केलेली तपासणी साफ आली होती, म्हणजे जे काही झालं ते कालपासून झालं होतं. त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, की कालपासून यंत्राजवळ कोणी काही केलं असेल तर आत्ताच सांगावं.

मग भार्गवने मान खाली घातली. "दीदी, सुबह थोड़ा दही लगाया था."

मराठी माणूस परीक्षेला, प्रवासाला निघाला की घरचे हातावर दही ठेवतात. यंत्राला दोन्ही होतं, परीक्षा पण आणि प्रवास पण. हात मात्र नव्हता. म्हणून भार्गवने पेटीच्या कोपऱ्याला बोटभर दही लावून पुसून घेतलं होतं. त्याच्या आजीने फोनवरून तसं सांगितलं होतं.

"पण दह्यात हळद कुठे असते?" मी विचारलं.

"पोहे खाए थे," तो म्हणाला. पण ते बोट पेटीच्या बाहेरच फिरलं होतं, आरशापर्यंत पोचलं नव्हतं.

मग मारोतीभाऊंनी घसा साफ केला. "मी बी एक गोष्ट करून राहिलो होतो. पण ते मोठं नाही. लिंबाएवढं आहे."

ते लिंबूच होतं. पेटीच्या आत, वायरींच्या मागे, सात मिरच्यांसकट. दृष्ट लागू नये म्हणून मारोतीभाऊ दर शनिवारी सकाळी गोल बाजारातून ताजं आणून बसवायचे. आठवडाभर ते सुकायचं, पुढच्या शनिवारी बदलायचं. भार्गव हळूहळू भिंतीला टेकला. त्याच्या डोळ्यांसमोर त्याची आर्द्रता, त्याचं ॲल्युमिनियम आणि त्या टाळ्या एकेक करून जात असाव्यात.

"भाऊ," तो म्हणाला. आयुष्यात तो पहिल्यांदा मराठीत बोलला. "काहून?"

आता सगळ्यांनी आशेने दीदींकडे पाहिलं. आता त्या ओरडतील, म्हणजे निदान काहीतरी नेहमीसारखं होईल. दीदी खिडकीबाहेरच्या टॉवरकडे बघत होत्या. त्यांनी मीठ-मोहरी ओवाळली होती. सकाळी, सगळे यायच्या आधी. पण दारातून, आत पाऊल न टाकता, मास्क लावून आणि हातमोजे घालून. स्वच्छतेचा एकही नियम मोडला नव्हता, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

थोडक्यात, हळद कोणीच लावली नव्हती. हळद सोडून बाकी सगळं लावलं होतं.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काहीच केलं नव्हतं, आणि ते कोणाला पटत नव्हतं. मारोतीभाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की बोलून टाक पोट्ट्या, मन हलकं होईल. मला एवढं एकटं कधीच वाटलं नव्हतं. कबूल करायला काही नसल्यामुळे मी रिकामा होतो, आणि रिकामा होतो म्हणून मी उठून दिव्यासमोरची नळी काढली.

पडद्यावरचे तिन्ही खड्डे गेले. रेघ सरळ झाली.

नळी परत लावली. कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, हळद.

आता सगळ्यांनी नळीकडे पाहिलं, आणि मग नळी घेऊन आलेल्या माणसाकडे. चारुदत्त सरांच्या हाताची घडी सुटली होती. ते एकच शब्द बोलले.

"आई."

त्यांच्या आई, शारदाबाई, घराबाहेर निघणाऱ्या प्रत्येक कामाच्या वस्तूला हळदीचं बोट लावायच्या. नळीचं पुढचं टोक कुठलं ते कळेना म्हणून त्यांनी दोन्ही टोकांच्या काचांना लावलं होतं. सरांना ते गाडीत दिसलं. त्यांनी रुमालाने पुसलं, आणि नजरेला काच स्वच्छ दिसायला लागल्यावर विषय संपला असं धरलं.

यंत्र बरोबर होतं. चूक होती ती परीक्षा घेणाऱ्याच्या नळीत. पण हे कागदावर येणार तर सरांच्याच सहीने येणार. त्यांनी नाही लिहिलं, तर संपलं. समोर दही, लिंबू आणि मोहरी आपल्या तोंडाने कबूल केलेली टीम बसली होती. आमच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? सर खोलीत फेऱ्या मारत राहिले. शेवटी त्यांनी घरी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, कारण पुरावा साक्षीदारांसमोर घ्यावा लागतो.

हळदच होती ना, एवढंच त्यांनी विचारलं. हळदच होती, असं शारदाबाईंनी जरा रागाने सांगितलं, आणि वाईट काही झालं का ते विचारलं. सरांनी सगळं सांगितलं. पुसल्यावरही या लोकांच्या यंत्राने ती ओळखली, हेही सांगितलं.

"मंग पोट्टे हुशार आहेत," शारदाबाई म्हणाल्या. "घे त्यायले. काय बघून राहिला?"

सर खाली बसले आणि लिहायला लागले. नमुन्यात तीन पदार्थ आढळले, तिसरा परीक्षकाच्या घरचा, तिन्ही यंत्राने अचूक ओळखले. खाली अट घातली, की पाठवण्याआधी पेटी पूर्ण उघडून रिकामी करावी आणि पुन्हा वजन करावं. मारोतीभाऊ लगेच आत गेले. वजन चार किलोच्या आत आलं, भोकांसकट.

फोन अजून चालूच होता. यंत्र कुठे जाणार, असं शारदाबाईंनी विचारलं. शुक्रावर, सर म्हणाले.

"परत कधी येईन ते?"

"परत येत नाही, आई. तिथेच राहते."

शारदाबाईंचा पुढचा प्रश्न तयारच होता.

"मंग एकटंच काहून पाठवून राहिले?"

सरांच्या नियमावलीत हा प्रश्न विचारायची सोय नव्हती. त्यांनी दीदींकडे पाहिलं, दीदींनी यंत्राकडे. मग सरांनी आईला सांगितलं की घरी आल्यावर बोलू, आणि सही केली.