आईची म्हण

जुळे सोलापुरातल्या त्या सोसायटीत ऊन कललं की म्हाताऱ्या बायका लिंबाखालच्या बाकावर जमत. गौरम्माचा मोबाईल हेच सगळ्यांचं वर्तमानपत्र. त्या दिवशी तिनं चष्मा चढवून बातमी वाचायला घेतली. शहरातल्या कुठल्याशा खाजगी लॅबमध्ये रक्त न तपासताच रिपोर्ट देतात, असं आतल्याच कुणीतरी नाव न सांगता लिहिलं होतं.

"'इथं मेंढी कातरायच्या आधीच घोंगडं विणून तयार असतं,'" गौरम्मानं वाचलं. बायका हसल्या.

अंबुबाई मात्र ताठ बसल्या. सांगोल्याकडच्या माळावर मेंढरांमागं चालताना त्यांची आई, केराबाई, थापाड्या व्यापाऱ्याला हेच सुनावायची. आई जाऊन एक जमाना लोटला होता, आणि आज तीच जणू बाकावर येऊन बोलली.

"अगं बया! ही तर माझ्या आयची म्हण! तिनंच जुळवलेली. आमच्या घराबाहेर कुणालाबी ठावं न्हाय."

"मग तुमच्या नातीनंच लिवलं म्हणा की! ती लॅबमधीच हाय न्हवं?" गौरम्मानं विचारलं.

"लिवंल की! वाघीण हाय माझी राजनंदिनी," अंबुबाई फुशारकीनं बोलून गेल्या.

आठवडाही उलटला नाही, तोच राजनंदिनी भर दुपारी घरी आली.

"येऊ नको म्हणाले उद्यापासून. त्यांना कळलं, आज्जी. मीच लिहिलं होतं ते."

अंबुबाईंच्या हातातलं भाकरीचं पीठ हातातच राहिलं.

"पर कळलं कसं?"

"तेच समजेना. टोर नावाच्या इंटरनेटवरच्या छुप्या वाटेनं पाठवलं होतं. त्यात निरोप तीन परक्या दारांतून फिरून जातो. पहिल्या दाराला मी माहीत, पण निरोप कुठं निघालाय ते माहीत नाही. शेवटच्या दाराला ठिकाण माहीत, पण मी नाही. कुठलंतरी दार फितूर झालं असणार." तिनं फोन उचलला. "लॅबमधल्या रेश्माकडं सगळे पुरावे आहेत. ती आज त्याच वाटेनं पाठवणार होती. तिला थांबवते. तिच्या घरात तर तिचाच एकटीचा पगार येतो."

पुरावे गेले नाहीत तर नात खोटी ठरणार होती, आणि लोकांच्या हाती तसलेच रिपोर्ट पडत राहणार होते. पण अंबुबाई आत्ता गप्प बसल्या असत्या तर त्यांच्याकडं कुणी बोट दाखवलं नसतं. दोष त्या न दिसणाऱ्या दारांवर जाणार होता, आणि दारं काय भांडायला येत नाहीत. त्यांनी परातीत हात घातला. पीठ मळवेना.

"राजू, थांब. नको करू फोन."

"का?"

"दारं फितूर न्हाय झाली, बाळा. मी बोलले. बाकावर, चार बायांत. तिथनंच पोचलं असंल लॅबपत्तूर. म्हण ऐकली आन् आय आठवली. लई मोठेपणा वाटला गं."

राजनंदिनीनं हातातला फोन खाली ठेवला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आणि मीच ती म्हण घातली होती," ती म्हणाली. "छान दिसेल म्हणून."

मग तिनं फोन लावलाच. "रेश्मा, वाट चांगली आहे, पाठव. नुसते पुरावे पाठव. स्वतःच्या बोलीत एक ओळसुद्धा लिहू नकोस."

फोन ठेवून ती आत गेली. आजीशी त्या दिवशी बोलली नाही. अंबुबाईंनी भाकऱ्या केल्या, झाकून ठेवल्या, आणि ऊन कललं तरी बाकावर गेल्या नाहीत.