सहमतीचा तास

विभागातला चर्चेचा तास म्हणजे एक ठरलेला कार्यक्रम होता. बोलणाऱ्याने आधी 'मी सहमत आहे' म्हणायचं, मग आधीच्याचंच म्हणणं जरा फिरवून सांगायचं आणि मार्गदर्शक सरांनी मान डोलावली की खाली बसायचं. बोललं की गुण मिळत. काय बोललं, याला कोण विचारतो! बहुतेकांनी चर्चेला ठेवलेल्या शोधनिबंधाची सुरुवात आणि निष्कर्ष एवढंच वाचलेलं असे.

शंकेखोरला मात्र अथपासून इतिपर्यंत वाचायची खोड. हे नाव वर्गाने ठेवलेलं, आणि तिला ते मनातून आवडायचं. या वेळचा निबंध खुद्द सरांचा होता. गटचर्चेत बोलणारे विद्यार्थी गप्प बसणाऱ्यांपेक्षा जास्त शिकतात, असा त्याचा निष्कर्ष. तिने तो पुन्हा पुन्हा वाचला. आपला सरांवर राग आहे म्हणून तर खोट दिसत नाही ना, असं स्वतःलाच खडसावून वाचला. खोट जिथल्या तिथंच होती. बारीक अक्षरातली तळटीप सांगत होती, की चर्चेत न बोललेल्या विद्यार्थ्यांना अभ्यासातून वगळलं आहे. त्यांची परीक्षा घेतलीच नव्हती!

"आज तोंडाला कुलूप लाव," निघताना ताई म्हणाली. "तुझी पीएचडीच्या संशोधनाची जागा सरांच्याच हातात आहे. एकदा ती मिळू दे, मग पाड काय उजेड पाडायचा तो."

तास सुरू झाला. हा सहमत, ती सहमत, तोही सहमत. मग तिची पाळी आली.

"मी सहमत नाही," ती उभी राहून म्हणाली. तिने तळटीप मोठ्याने वाचली. "सर, गप्प बसलेले किती शिकले, हे पाहिलंच नाही. मग तुलना कुणाशी केली?"

शेजारची मैत्रीण पेनाचं टोपण काढू-लावू लागली. काल कँटीनमध्ये हीच म्हणाली होती, "अगं, अगदी बरोबर पकडलंस!"

सर हसले. "घाईत वाचलंत वाटतं. असल्या किरकोळ गोष्टींत अडकलात तर संशोधन कसं कराल? चुकून बोलले म्हणा आणि बसा."

"घाईत नाही वाचलं, सर. माझं चुकत असेल तर कुठे ते दाखवा, लगेच बसते."

ते दाखवायचं सोडून सरांनी वर्गाकडे मोर्चा वळवला. "निष्कर्ष कुणाकुणाला पटतो? हात वर करा."

भराभर हात वर झाले. मैत्रिणीचाही झाला, जरा उशिरा आणि खांद्यापर्यंतच. शंकेखोरला तिचा राग आला, सरांचा आला, आणि न वाचताच हात वर करणाऱ्या त्या अख्ख्या वर्गाचा आला.

"बघा," सर म्हणाले. "विषय संपला. तुमच्या जागेचाही आता मला पुन्हा विचार करावा लागेल."

"करा, सर." ती बसली नाही. मग तिने वर्गाकडे तोंड केलं. "ज्यांना पटलंय, त्यांनी का पटलं ते सांगा. एकेकाने. मी उभी आहे तोवर."

सरांनीही वाट पाहिली. मग अजून वर असलेला एकेक हात खाली येऊ लागला; कारण मात्र एकानेही सांगितलं नाही.